‘जाऊ मी सिनेमात?’ : एका प्रश्नाच्या निमित्ताने

१९४० साली मराठीत ‘जाऊ मी सिनेमात?’ या नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिका शांता आपटे. त्या वेळी त्या मराठी-हिंदी बोलपटांतील आघाडीच्या गायिका-अभिनेत्री होत्या. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) या ‘प्रभात’च्या चित्रपटांनी त्यांचे नाव घरोघरी पोचवले होते. तेव्हा शीर्षकातला प्रश्न त्यांचा स्वतःचा असणे शक्य नाही. त्या सिनेमात केव्हाच गेल्या होत्या. तो प्रश्न थिएटरातल्या अंधारात बसून त्यांच्याकडे पाहणाऱ्या मुलींचा होता.

भाषा शिकवणे हाच व्यवसाय असल्यामुळे आमचे लक्ष आधी त्या क्रियापदाकडे जाते. ‘जाऊ’ हे रूप आपण वर्गात आज्ञार्थाचे म्हणून शिकवतो. पण प्रथमपुरुषी एकवचनात आज्ञा कोण कोणाला करणार? तेथे आज्ञार्थ उलटतो आणि परवानगी मागू लागतो. ‘जाईन’मध्ये निश्चय आहे, ‘जावे का’मध्ये विचार आहे, ‘जाऊ मी?’ म्हणताना मात्र समोर कोणीतरी बसलेले असते. वडील, थोरला भाऊ, नवरा, ‘लोक काय म्हणतील’मधले लोक. त्यांनी मान हलवायची असते. इच्छा मुलीची आणि होकार दुसऱ्याचा. ती इच्छा तिच्या मनात कोठून आली आणि होकार देण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, या दोन गोष्टींचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय लोकप्रिय माध्यमांनी आपल्याकडील स्त्रियांचे काय केले, या प्रश्नाचे उत्तर हाती लागत नाही, असे आम्हांला वाटते.

एरवी या विषयावरची आपली चर्चा दोनच वाटांनी जाते. नाटक-सिनेमाने (आता मालिकांनी) बायका बिघडवल्या, ही एक वाट. माध्यमांनी स्त्रीला जागे केले, ही दुसरी. दोन्ही वाटा प्रेक्षक स्त्रीला ओल्या मातीचा गोळा समजतात. फरक फक्त कुंभार चांगला की वाईट एवढाच. १९११ ते १९४१ ही तीस वर्षे जरा जवळून पाहिली, तर हा समज टिकत नाही.

सुरुवात बालगंधर्वांपासून करणे भाग आहे. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) या पुरुषाने मराठी मध्यमवर्गीय स्त्रीला लुगडे कसे नेसावे हे शिकवले, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातील मोठी विलक्षण घटना आहे. आपण ती इतक्या वेळा ऐकली आहे, की तिचे नवल वाटेनासे झाले. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू ही त्यांची रूपे पाहून पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी नेसण्याची ढब, अंबाड्याची ठेवण, दागिन्यांची निवड, पदर सावरण्याची रीत उचलली. घरात आई, सासू, जाऊबाई असताना स्त्रीने स्त्री म्हणून कसे दिसावे याचा पाठ रंगमंचावरच्या पुरुषाकडून घ्यावा, हे काय प्रकरण आहे?

स्त्रीवादी समीक्षेने याचे उत्तर दिले आहे. ती पुरुषाने पुरुषांसाठी घडवलेली ‘आदर्श स्त्री’ होती आणि खऱ्या स्त्रियांनी त्या आदर्शाची नक्कल करावी अशी ती व्यवस्था होती. हे उत्तर खरे आहे. आम्ही ते वर्गात सांगतोही. पण ते अर्धे आहे. नाटकाला जायचे म्हणजे घराचा उंबरा ओलांडायचा, रात्री बाहेर राहायचे, स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या जागेत इतर घरांतल्या अनोळखी बायकांच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि चारचौघांत एका सजलेल्या शरीराकडे टक लावून पाहायचे. पुरुषाकडे असे पाहण्याची मुभा नव्हती. स्त्रीकडे पाहिले तर ती ‘तसली’ निघण्याची भीती. बालगंधर्व या दोहोंच्या मधल्या फटीत उभे होते. त्यांच्याकडे मनसोक्त पाहता येत होते. वर त्या पाहण्याला ‘अभिरुची’ असे घरंदाज नाव मिळत होते. पोशाखाची नक्कल हा त्याचा दिसणारा भाग. स्वतःला कोणीतरी पाहण्याजोगी समजणे हा न दिसणारा भाग, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा. तो कोणत्याही नाटककाराने संहितेत लिहिलेला नव्हता.

संहितेत काय लिहिले होते, हेही पाहावे. गडकऱ्यांची सिंधू दारुड्या नवऱ्यासाठी दळण दळते, माहेरचा आधार नाकारते आणि मरतानाही नवऱ्याला वाचवण्याची धडपड करते. पातिव्रत्याचा असा प्रभावी पाठ दुसऱ्या कोणत्या माध्यमाने दिला असेल? खाडिलकरांची रुक्मिणी मात्र भावाने ठरवलेला नवरा नाकारून आपला वर आपण निवडते. ही दोन्ही पात्रे एकच नट, एकाच वैभवात, एकाच प्रेक्षकांपुढे उभी करत होता. रुक्मिणीची पदे ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून घराघरांत गेली आणि ज्यांची स्थळे वडीलधाऱ्यांनी पत्रिका जुळवून ठरवली होती, अशा मुलींनी ती गुणगुणली. पौराणिक असल्यामुळे त्याला कोणाची हरकत नव्हती. कृष्णाला निवडणाऱ्या रुक्मिणीचे पद म्हणणारी मुलगी काय मागते आहे, हे ऐकणाऱ्यांना कळत नव्हते. कित्येकदा तिलाही कळत नसेल.

येथे ‘कुलीन’ या शब्दाचा विचार करायला हवा. नाट्येतिहासात ‘रंगभूमीवर आलेली पहिली कुलीन स्त्री’, ‘चित्रपटात आलेली पहिली कुलीन स्त्री’ असे उल्लेख सर्रास येतात. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. बियर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते रचले होते आणि स्त्रीकडून जे चारित्र्य अपेक्षिले जाते ते पुरुषाकडून का नाही, असा त्याचा रोकडा विषय होता. त्यात ज्योत्स्ना भोळे यांनी भूमिका केली, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याच्या पर्वाची नोंद आपण तेथून करतो. पण त्याच्या आधी, विसाच्या दशकातच, हिराबाई बडोदेकर स्वतःची नाटक मंडळी चालवत होत्या आणि रंगमंचावर उभ्या राहत होत्या. त्याच्याही आधी हिराबाई पेडणेकर यांनी नाटके लिहिली. त्यांचे ‘दामिनी’ १९१२ मध्ये रंगभूमीवर आले. तमाशाच्या फडात तर पठ्ठे बापूरावांच्या लावण्या पवळा गाजवत होती. या स्त्रियांना ‘जाऊ मी?’ असे विचारावे लागले नाही, कारण त्यांच्या बाबतीत ‘जाऊ नको’ म्हणण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. त्यांच्या जातीने व जन्माने ते उत्तर आधीच देऊन ठेवले होते. ‘पहिली’ हे विशेषण इतिहासाने कोणासाठी राखून ठेवले, हे लक्षात घेतले की ‘कुलीन’ शब्दातली काच दिसू लागते.

पडद्यावर हे अंतर मोजायला एक सोयीचे माप आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली, कारण स्त्री मिळेना. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी आल्या. ‘प्रभात’चा पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली निघाला. कथा तीच, आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. सॉलिसिटरची मुलगी, कॅथीड्रल शाळा व सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली, श्रीमंत घरात दिलेली. संसाराची आर्थिक घडी विस्कटली म्हणून कामाला लागलेली. आधी ‘फरेबी जाल’ (१९३१) मध्ये केलेल्या लहानशा कामावरून त्यांच्यावर काय गहजब झाला, ते त्यांनी ‘मी दुर्गा खोटे’ (१९८२) या आत्मचरित्रात सांगितले आहे. तारामतीने तो शांत केला. हरिश्चंद्रासाठी बाजारात स्वतःला विकू देणारी राणी साकारल्यामुळे एका स्त्रीला पोट भरण्याचा धंदा प्रतिष्ठेने करता आला, हा योगायोग आम्हांला बोलका वाटतो. मात्र चार वर्षांनी ‘अमरज्योती’मध्ये याच दुर्गा खोटे सौदामिनी झाल्या. मुलावरचा आईचा हक्क राज्याने नाकारला म्हणून ती समुद्रावर चाचेगिरी करू लागते. पोशाख काल्पनिक, देश काल्पनिक, पण आईला मुलावर हक्क का नाही हा प्रश्न अगदी कोर्टातला.

छापील माध्यमाचा वेगळा, मोठा इतिहास आहे; येथे त्यातले दोनच संदर्भ पुरेत. ऑगस्ट १९३० मध्ये किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि शिक्षण, नोकरी, आरोग्य, विवाहाचे वय या गोष्टी पाककृती व विणकामाच्या शेजारी येऊन बसल्या. ही शेजारणी जुळवण्याची किमया आपण कमी लेखतो. विणकामाचा नमुना म्हणून सासूबाईंनी घरात येऊ दिलेले मासिक दुपारी दार लावून वेगळ्याच पानावर उघडता येत होते. दुसरा संदर्भ ‘कळ्यांचे निःश्वास’चा (१९३३). शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या तरुणींच्या मनातली घुसमट त्या कथांनी मांडली आणि महाराष्ट्रात वादळ उठले. लेखिकेने मुखपृष्ठावर ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घातले. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावामागे उभ्या होत्या. लेखणीला ही सोय असते. कॅमेऱ्यापुढे चेहऱ्याला टोपणनाव घेता येत नाही.

आता ‘कुंकू’. या चित्रपटापाशी आम्ही मुद्दाम थांबणार आहोत.

१९३७ साली ‘प्रभात’ने ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून मराठीत ‘कुंकू’ आणि हिंदीत ‘दुनिया न माने’ काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. नीरा या पोरक्या मुलीचे लग्न तिचा मामा फसवून म्हाताऱ्या, मुलेबाळे असलेल्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी लावून देतो. बाला-जरठ विवाहाचा हा विषय नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ मध्येच तो रंगभूमीवर आणला होता. पण शारदेचे लग्न ऐन वेळी मोडते आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो. नीरेचे लग्न लागते. शारदा जेथे संपते, तेथून ‘कुंकू’ सुरू होतो. नीरा पळून जात नाही, विहीर जवळ करत नाही. त्याच घरात राहून ती नवऱ्याची बायको होण्यास नकार देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. शांता आपटे यांचा तो सपसप हात पाहून थिएटरातल्या स्त्रियांना काय वाटले असेल, याची कल्पना करायला फार विद्वत्ता लागत नाही.

शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरले नाही. जो आवाज ऐकू येतो तो त्या घरातल्या वस्तूंचा, माणसांचा, रस्त्याचा. म्हाताऱ्या नवऱ्याची प्रतिमा म्हणून येणारे घरातले जुने घड्याळ आठवावे. नीरा इंग्रजी शिकलेली आहे, लाँगफेलोची जीवनावरची कविता ती गाते. हे पात्र शाळेत गेलेले आहे, हे प्रेक्षकांनी विसरू नये अशी व्यवस्था. काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे होत्या, आणि त्या नुसत्या ‘भूमिकेत’ नव्हत्या. रँग्लर परांजप्यांची ही केंब्रिजला शिकलेली मुलगी पुढे १९३८ पासून संततिनियमनाच्या कामात उतरली, विधान परिषदेवर व राज्यसभेवर गेली. प्रत्यक्षातली समाजसेविका पडद्यावरच्या समाजसेविकेचे काम करते आहे, असा प्रकार मराठीत पुन्हा क्वचितच घडला असेल.

‘कुंकू’ आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवला आहे. दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, “मॅडम, मग ती घटस्फोट का घेत नाही?” या प्रश्नावर वर्गात हशा पिकतो. आम्हांला तो प्रश्न अतिशय योग्य वाटतो. नीरा घटस्फोट घेत नाही, कारण तिला तो मिळण्याची कायदेशीर सोय नव्हती. बडोदे संस्थानात १९३१ मध्ये तसा कायदा झाला होता. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळायला १९४७ उजाडले, आणि देशभर १९५५. ज्या वर्षी ‘कुंकू’ आला त्याच १९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला, पण त्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क दिला. नवरा मेल्यावर काहीतरी मिळणार होते, जिवंत नवऱ्यापासून सुटका नव्हती. चित्रपटाचा शेवट याच कायद्याच्या चौकटीत अडकलेला आहे. काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते तिचे कुंकू पुसतात, तिने पुन्हा लग्न करावे असे सुचवून आत्महत्या करतात. पटकथेला दुसरा दरवाजा नव्हता. नायिकेला मोकळे करण्यासाठी नवऱ्याला मारावे लागले, आणि तेही त्याला मोठे करून.

ही नीरा आकाशातून पडलेली नाही. तिच्या पन्नास वर्षे आधी मुंबईत रखमाबाई होऊन गेल्या. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असा निकाल दिला, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. खटल्याच्या काळात वृत्तपत्रात त्यांनी जी पत्रे लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या टोपणनावाने. रखमाबाईंच्या वाट्याला आपल्याच समाजातील थोरामोठ्यांची निंदा आली, टिळकांच्या ‘केसरी’चीही. नीरेने पडद्यावर तोच नकार दिला तेव्हा पुण्याच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पन्नास वर्षांत समाज बदलला, हे एक उत्तर. दुसरे असे, की टाळ्या वाजवणाऱ्याला नीरा आपल्या घरी आणायची नव्हती. लोकप्रिय माध्यमाची सगळी ताकद आणि सगळी लबाडी या अंतरात आहे: जे घरात सोसवत नाही त्याला ते दोन तास मान देते. आणि तरीही त्या दोन तासांत ते कोणीतरी पाहून ठेवते.

एक गोष्ट मात्र जाता जाता नोंदवावी लागेल. नीरेची कोंडी ही पांढरपेशा, विशेषतः ब्राह्मणी, कुटुंबव्यवस्थेची कोंडी होती. बहुजन समाजातील अनेक जातींत काडीमोड आणि पाट यांची रूढी होतीच. न पटणाऱ्या नवऱ्यापासून सुटण्याची वाट तेथे अवघड असेल, पण बंद नव्हती. नाटक मंडळ्या, मासिके आणि स्टुडिओ ज्यांच्या हाती होते, त्यांनी आपल्या घरातला प्रश्न ‘मराठी स्त्रीचा प्रश्न’ म्हणून मांडला. त्याबरोबर नकळत दुसरेही झाले. ज्या घरांत काडीमोड होती तेथेही ती ‘हलक्या’ लोकांची चाल वाटू लागली. प्रतिष्ठित व्हायचे तर सिंधूसारखे सोसायला शिकले पाहिजे, ही समजूत शहरी प्रतिष्ठेबरोबर खाली झिरपली. जे स्वातंत्र्य होते तेच मागासलेपण ठरावे, एवढे सामर्थ्य एखाद्या लोकप्रिय आदर्शात असते. या अंगाने आपल्याकडे अजून फारच थोडा अभ्यास झाला आहे, आणि संशोधनासाठी विषय शोधत फिरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी इकडे वळावे अशी आमची फार इच्छा आहे.

‘कुंकू’नंतर दोन वर्षांनी, जुलै १९३९ मध्ये, शांता आपटे ‘प्रभात’च्या पुण्यातील स्टुडिओच्या दाराशी उपोषणाला बसल्या. करार आणि पगार यांवरून कंपनीशी वाद झाला होता. या प्रसंगाकडे त्या काळी ‘नटीचा लहरीपणा’ म्हणून पाहिले गेले, आणि आठवणींच्या पुस्तकांतून तो अजूनही किस्सा म्हणूनच येतो. आम्हांला तो किस्सा वाटत नाही. उपोषण हे त्या दशकातले सर्वांत ओळखीचे राजकीय हत्यार. ते एका स्त्रीने, पगारी कलावंताने, आपल्या मालकाविरुद्ध उचलले होते, आणि तो मालक सावकार वा गिरणीवाला नव्हता; ज्याने तिला नीरा दिली तोच होता. पडद्यावर अन्यायी कराराला (विवाह हा करारच की!) नकार देणाऱ्या नायिकेचे कौतुक करणारी संस्था आपल्या फाटकाशी त्याच स्त्रीचा नकार पाहून गोंधळली. ‘प्रभात’च्या पुरोगामीपणावर आम्हांला संशय घ्यायचा नाही, तो खरा होता. तो कथेपुरता होता, हिशेबाच्या वहीपर्यंत पोचला नव्हता, इतकेच. पुढे १९६० मध्ये त्याच जागेत चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. प्रभात रस्त्याने जाताना ते फाटक आठवावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगत असतो.

उपोषणानंतर वर्षभरात ‘जाऊ मी सिनेमात?’ आले. मुलींच्या ओठांवरचा प्रश्न घेऊन शांता आपटे यांनी त्याचे उत्तर त्या काळच्या दोन्ही ठरीव पद्धतींनी देण्याचे टाळले. ‘तेथे जाऊ नका, ते पापाचे घर आहे’ असे त्या म्हणत नाहीत आणि ‘या, येथे कीर्ती आहे’ असेही नाही. सिनेमा हा एक धंदा आहे, त्यात भांडवल कोणाचे, श्रम कोणाचे, फायदा कोणाचा, हे त्या सांगू लागतात. चारित्र्याच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला कष्टाच्या भाषेत उत्तर देणे, हे त्या पुस्तकाचे वेगळेपण आहे. ‘कुलीन घरातली मुलगी सिनेमात गेली तर बिघडेल का’ याऐवजी ‘कामाला गेलेल्या बाईला कामाचा मोबदला आणि विश्रांती मिळेल का’ असा प्रश्न पुढे येतो. येथे परवानगी देणारा बाजूला होतो. ज्या मुलीने वडिलांकडे पाहून ‘जाऊ मी?’ विचारले होते, तिला लेखिका सांगते आहे की त्यांना नंतर विचार, आधी कराराचा कागद वाच. मराठी स्त्रीच्या आत्मपर लेखनाचा इतिहास शिकवताना आम्ही रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक अशा पायऱ्या चढत जातो. या पुस्तकाला त्या जिन्यावर जागा मिळालेली नाही. नटीने लिहिलेले ते ‘सिनेमाचे पुस्तक’, म्हणून ते वेगळ्या कपाटात गेले. वाङ्मयेतिहासानेही कुलीनतेची चाळणी वापरली, असे म्हटले तर अभ्यास मंडळांतील आमच्या ज्येष्ठांनी रागावू नये.

या पुस्तकानंतर वर्षभराने, १९४१ मध्ये, लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत आलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. धारवाडच्या, पदवीधर, मराठी रंगभूमीवरून आलेल्या, मुले पदरी असताना पोटासाठी काम करणाऱ्या; त्यांचीही कहाणी ‘चंदेरी दुनियेत’मध्ये आहे. शांता आपटे यांचे पुस्तक आणि हा साबण एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. दोघी एकाच व्यवसायातल्या, दोघींच्या मागे घरातल्या आरशापुढे उभ्या असलेल्या त्याच मुली. एक त्यांना धंदा समजावून सांगत होती. दुसरीच्या चेहऱ्याने त्यांना सांगितले जात होते की पडद्यावरचे जे हवेसे वाटते ते काही आण्यांत दुकानात मिळते. त्या साठी होकाराची गरज नाही, ‘जाऊ मी?’ विचारायची गरज नाही. घरी बसूनच मिळेल. इच्छेला इतकी सोपी वाट मिळाली की अवघड वाटेची आठवण बुजते. यात लीलाबाईंचा दोष नाही. त्यांनी आपले काम केले. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल करणाऱ्या स्त्रियांना निदान शालू स्वतः शोधावा लागत होता, नेसण्याची ढब पुन्हा पुन्हा पाहून उचलावी लागत होती. आता ढबही तयार मिळू लागली. २००४ ते २०२२ एवढा दीर्घ काळ चाललेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात घरोघरच्या वहिनींना पैठणी मिळत असे, तेव्हा आम्हांला हे सगळे आठवत असे. त्या वहिनी कॅमेऱ्यापुढे लाजत, हसत, आणि मध्येच कधीतरी, कोणी विचारले म्हणून, आपण लग्नाआधी गात होतो किंवा खो-खो खेळत होतो असे सांगत. मग खेळ पुढे जाई.

शांता आपटे यांनी ‘प्रभात’ सोडल्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणी कामे केली. १९४१ साली त्यांनी एका तमिळ चित्रपटात नायिकेची भूमिका केली, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. ज्या नटीने चार वर्षांपूर्वी लादलेल्या नवऱ्याला ‘नवरा’ म्हणण्यास नकार दिला होता, तिला बाजाराने देऊ केलेले ते पात्र होते सावित्रीचे. पुढे लाहोरच्या ‘जमीनदार’मध्ये (१९४२) त्या दिसल्या, १९४९ मध्ये ‘स्वयंसिद्धा’मध्ये दिसल्या, नंतर कामे कमी होत गेली. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी पन्नाशीही उलटलेली नव्हती.